सीटीत गाठ दिसली, मग ईयूएस कशाला?

देवगडजवळच्या एका वाडीतून एका मुलीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. वडील ६३ वर्षांचे, आंब्याची कलमं सांभाळतात. दीड महिन्यापूर्वी डोळे पिवळे दिसले. पोटात दुखत नाही, पण अंगाला इतकी खाज की रात्रभर झोप नाही. वजन सात किलो उतरलं. पहिले तीन आठवडे गावठी औषधात गेले, मग सोनोग्राफी, मग सीटी स्कॅन. स्वादुपिंडाच्या 'हेड'मध्ये २.६ सेंटिमीटरची गाठ, पित्ताची नळी फुगलेली, गाठ शेजारच्या एसएमव्ही नावाच्या शिरेला टेकलेली. बिलिरुबिन, म्हणजे रक्तातला काविळीचा आकडा, ११. एका डॉक्टरांनी एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड, म्हणजे ईयूएस, करून सुईने तुकडा काढायला सांगितलंय. दुसऱ्यांनी आधी स्टेंट, म्हणजे तुंबलेलं पित्त वाहतं करणारी बारीक नळी, टाकून घ्या म्हटलंय. मुंबईचे काका म्हणतात, थेट ऑपरेशन करा. सीटीत दिसलंच आहे तर ही नवी तपासणी कशाला, तिने स्टेज कळते का, आणि सुई टोचल्याने गाठ पसरते का?

मी वीसेक वर्षं ईयूएस करण्याचंच काम करतोय आणि माझं मूळ गाव वेंगुर्ल्याकडचं, त्यामुळे काविळीचे पहिले तीन आठवडे आपल्याकडे कुठे जातात हे मला कुणी सांगायला नको. त्यावर तुम्हाला बोल लावत नाही. पण शेजारीपाजारी कुणाला अशी कावीळ झाली तर एवढं सांगा: न दुखणारी, दिवसेंदिवस वाढत जाणारी, खाज सुटणारी, लघवी काळ्या चहासारखी आणि शौच पांढरट मातीसारखी करणारी कावीळ ही बहुतेक वेळा नळी तुंबल्याची असते. ती पाल्याच्या रसाने उतरत नाही.

आता तुमचा प्रश्न. तुमच्या वडिलांना ईयूएसचा उपयोग आहे, असं माझं मत. पण 'स्टेज कळावी' एवढ्याच कारणाने नाही. स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या स्टेजिंगचा कणा सीटीच आहे. ईयूएस त्याच्यावर चढवलेली दुसरी सीटी नव्हे. सीटीने जे प्रश्न अर्धवट सोडले असतील तेवढ्यांची उत्तरं काढायला ती करायची. तुमच्याकडे असे दोन प्रश्न आहेत: गाठ शिरेला नुसती टेकलीय की तिच्यात घुसलीय, आणि गाठ नेमकी कसली आहे.

स्वादुपिंड बसलंय कुठे ते आधी पाहा. जठराच्या मागे, पाठीच्या कण्याच्या पुढे, आडवं. डोकं उजवीकडे ड्युओडेनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या, इंग्रजी 'सी'सारख्या वळणात बसलेलं, शेपूट डावीकडे प्लीहेपर्यंत गेलेलं. पोटावरून सोनोग्राफी करताना मध्ये आतड्यातली हवा येते, आणि ध्वनिलहरींना हवेपलीकडचं दिसत नाही. तुमच्या पहिल्या सोनोग्राफीच्या रिपोर्टात 'गॅसमुळे स्वादुपिंड नीट दिसलं नाही' असं वाक्य असेल तर ते डॉक्टरचा आळस नाही, ती त्या जागेची अडचण आहे.

मालवण-देवगडच्या ट्रॉलरवर फिश फाइंडर असतो. तोही आवाज खाली सोडतो आणि परत आलेला प्रतिध्वनी वाचतो. ध्वनीची कंपनसंख्या वाढवली की चित्र बारीक आणि स्वच्छ येतं, पण आवाज लांब पोचत नाही. पोटावरून सोनोग्राफी करताना म्हणून कमी, साधारण ३ ते ५ मेगाहर्ट्झची लहर वापरावी लागते. ईयूएसमध्ये दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफीचा प्रोब बसवलेला असतो. ती तोंडातून जठरात आणि पुढे ड्युओडेनममध्ये नेली की स्वादुपिंड भिंतीपलीकडे काही मिलिमीटरवर येतं. मग ५ ते १२ मेगाहर्ट्झपर्यंत जाता येतं, आणि दोन सेंटिमीटरच्या आतली, कधी सीटीत आजूबाजूच्या भागासारखीच दिसून निसटलेली गाठही सापडते. निरोगी स्वादुपिंड पडद्यावर मीठ-मिरपूड सांडल्यासारखं दिसतं. कॅन्सरची गाठ बहुधा काळपट, वेड्यावाकड्या कडांची.

दुर्बीण दोन प्रकारची. एक रेडियल, ती आपल्याभोवती गोल चकती दाखवते. दुसरी लिनियर, ती दुर्बिणीच्याच रेषेतला काप दाखवते, आणि म्हणून तिच्यातून सुई सोडली की सुईचं टोक शेवटपर्यंत डोळ्यांसमोर राहतं. १९९२ मध्ये डेन्मार्कच्या पेटर विल्मान यांनी या वाटेने स्वादुपिंडातून सुईने पेशी काढल्याचं प्रसिद्ध केलं आणि तिथून या तपासणीचं रूपच पालटलं. आधी ती फक्त पाहायची होती, मग ती हात लावायचीही झाली.

आता स्टेजकडे. सध्या जी पद्धत वापरतात, एजेसीसी या अमेरिकन कॅन्सर समितीची आठवी आवृत्ती, तिच्यात 'टी' म्हणजे गाठीचा आकार. २ सेंटिमीटरपर्यंत टी१, २ ते ४ टी२, ४ च्या वर टी३. आकार कितीही असो, सीलियाक, एसएमए किंवा कॉमन हिपॅटिक या मोठ्या धमन्यांपैकी एकीत शिरकाव झाला की टी४. पूर्वी गाठ स्वादुपिंडाबाहेर पडली की टी३ म्हणत, पण या ग्रंथीला धड आवरणच नाही, त्यामुळे बाहेर पडली की नाही यावर दोन पॅथॉलॉजिस्टांचं जमत नसे. आकारावर आल्यापासून भांडण कमी झालं. 'एन'मध्ये एकही लसिकाग्रंथी बाधित नसेल तर एन०, एक ते तीन असतील तर एन१, चार किंवा जास्त तर एन२. 'एम' म्हणजे दूर पसरलंय की नाही. २.६ सेंटिमीटर म्हणजे तुमच्या वडिलांचा टी२. हे सीटीवरूनच कळलं. त्यासाठी दुर्बीण घालायची गरज नव्हती.

मग शस्त्रक्रियेचे डॉक्टर ज्या गोष्टीसाठी अडून बसतात ती कोणती? ती टी-एनच्या आकड्यात नाही. ती आहे गाठ आणि रक्तवाहिन्या यांच्यातलं नातं. स्वादुपिंडाच्या डोक्याला लागून असलेल्या मानेमागून एसएमव्ही ही शीर वर जाते आणि यकृताकडे रक्त नेणाऱ्या पोर्टल व्हेनला मिळते. तिच्या डाव्या अंगाला एसएमए ही धमनी. गाठ शिरेच्या परिघाला अर्ध्यापेक्षा कमी, म्हणजे १८० अंशांच्या आत टेकलेली असेल आणि शिरेचा आकार बिघडला नसेल, तर साधारणपणे आधी ऑपरेशन करता येतं. शीर दबली, वाकडी झाली, किंवा वेढा अर्ध्याच्या वर गेला की तिला 'बॉर्डरलाइन' म्हणतात, आणि बऱ्याच ठिकाणी आधी काही महिने केमो देऊन मग ऑपरेशनचा विचार होतो. धमनीच्या बाबतीत माप आणखी कडक. एसएमएला अर्ध्याच्या आतला स्पर्शही बॉर्डरलाइन, अर्ध्याच्या वर गेला तर गाठ स्थानिक पातळीवरच पुढे गेलेली.

तुमच्या रिपोर्टात 'टेकलेली' एवढाच शब्द आहे. शिरेच्या किती भागाला आणि शिरेचा आकार कसा आहे, हे नाही. इथे ईयूएसला जागा आहे. निरोगी शिरेच्या भिंतीची एक पांढरी रेघ पडद्यावर दिसते. गाठ आणि रक्त यांच्यामध्ये ती रेघ अखंड असेल तर मी निर्धास्त असतो. रेघ पुसली गेली असेल तर शंका, आणि शिरेच्या पोकळीत गाठ डोकावत असेल तर प्रश्नच उरत नाही. पोर्टल व्हेन आणि तिचा संगम ईयूएसला फार छान दिसतो, ड्युओडेनमच्या वरच्या वळणावरून तर अगदी जवळून. एसएमए मात्र तेवढी चांगली दिसत नाही. धमनीचा प्रश्न असेल तर सीटीच राजा.

हे मुद्दाम सांगतोय, कारण माझ्या पिढीने ईयूएसचं जरा जास्तच कौतुक केलं. सुरुवातीच्या काळात तिच्या अचूकतेचे फार मोठे आकडे छापून येत होते. मग पातळ कापांचे मल्टीडिटेक्टर सीटी आले आणि ते अंतर बरंच मिटलं. शिवाय ईयूएस करणाऱ्याच्या हातावर आणि डोळ्यावर फार अवलंबून असते. तीच गाठ दोघांनी पाहिली तर 'रेघ शाबूत' आणि 'रेघ पुसली' अशी दोन मतं येऊ शकतात. महिन्याला दोन ईयूएस करणाऱ्या केंद्रात जाण्यापेक्षा रोज करणाऱ्याकडे जा. हे मला माझ्याच व्यवसायबंधूंच्या विरोधात बोलल्यासारखं वाटतं, तरी बोलतो.

लसिकाग्रंथींबाबत थोडक्यात. गोल, काळपट, ठळक कडांची, एक सेंटिमीटरपेक्षा मोठी ग्रंथी संशयास्पद. पण पित्ताच्या नळीत जंतुसंसर्ग झाला की साध्या ग्रंथीही फुगतात. गाठीशेजारची ग्रंथी बाधित असली तरी ती ऑपरेशनमध्ये गाठीबरोबरच निघते, म्हणून तिच्यावर वेळ घालवू नये. महाधमनीजवळची लांबची ग्रंथी दिसली तर मात्र मी सुई घालतोच. तिथे कॅन्सर सापडला तर तो दूरचा प्रसार धरतात आणि मोठं ऑपरेशन टळतं. यकृताच्या डाव्या भागातला बारीक डाग, पोटातलं चमचाभर पाणी, तेही ईयूएसला सापडतं आणि तपासता येतं. यकृताचा उजवा भाग तिला नीट दिसत नाही, त्यामुळे 'ईयूएसमध्ये यकृत स्वच्छ' या वाक्यावर विसंबू नका.

आता सुई. माझ्या ओपीडीत हा प्रश्न बहुतेक वेळा असा येतो: "डॉक्टरांनू, सुई मारली काय गाठ चवताळता म्हणतत, खरा काय?" चवताळत नाही. सुईच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी रुजल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत, नाही असं नाही, पण त्या विरळ आहेत, आणि बहुतांश स्वादुपिंडाच्या मधल्या किंवा शेपटाकडच्या गाठीत, जिथे सुई जठराच्या भिंतीतून जाते आणि जठर ऑपरेशननंतरही मागे राहतं. तुमच्या वडिलांची गाठ डोक्यात आहे. सुई ड्युओडेनममधून जाईल, आणि व्हिपल, म्हणजे स्वादुपिंडाचं डोकं काढण्याचं, ऑपरेशन झालं तर ड्युओडेनमचा तो भागच गाठीबरोबर काढला जातो. सुईची वाटही त्याच्याबरोबर गेली.

सुई हवीच का, हा खरा प्रश्न. फणस कापा की बरका हे बाहेरून ठोकून कळत नाही. पण झाड ओळखीचं असेल तर आजोबा न कापताही सांगतात. तसंच इथे. सीटी अगदी ठरावीक चेहऱ्याचा असेल, गाठ सरळ काढण्याजोगी असेल, आणि रुग्ण धडधाकट असेल, तर तुकडा न काढता ऑपरेशन करणं मान्य आहे. तिथे तुमच्या काकांचं बरोबर. पण आधी केमो द्यायची ठरली तर तुकड्याशिवाय केमो कुणी देत नाही आणि देऊही नये. आणि झाड अनोळखी असेल तर कापून बघावंच लागतं.

अनोळखी झाडं असतात. काही वर्षांपूर्वी दापोलीकडच्या एका बाई आल्या होत्या. कावीळ, वजन घटलेलं, सीटीत डोक्याजवळ गाठ, घरात रडारड. ईयूएसमध्ये गाठीचं रूप मला पटेना, शेजारच्या ग्रंथींचा मधला भाग गळल्यासारखा. सुईच्या नमुन्यात क्षयरोग निघाला. सहा महिने गोळ्या, ऑपरेशन नाही. आणखी एक सोंग घेणारा आजार म्हणजे ऑटोइम्यून पॅन्क्रियाटायटिस. त्यात आयजीजी४ नावाचं प्रथिन रक्तात बऱ्याचदा वाढतं आणि गाठ स्टेरॉइडने विरघळते. ही अपवादाची उदाहरणं आहेत आणि तुमच्या वडिलांच्या बाबतीत मी त्यांच्यावर आशा टांगणार नाही. तुकडा काढायला का सांगतात एवढं कळावं म्हणून सांगितली.

तुकड्याची दुसरी बाजूही ऐका. स्वादुपिंडाचा कॅन्सर चिवट असतो, गाठीत कॅन्सरच्या पेशी कमी आणि त्यांच्याभोवतीचा तंतुमय भाग जास्त. त्यामुळे सुईला चांगल्या हातातही शंभरातल्या साधारण ८५ ते ९० कॅन्सरांमध्येच नेमकं उत्तर मिळतं. 'कॅन्सर दिसला नाही' असा रिपोर्ट आला म्हणजे कॅन्सर नाही, असं होत नाही. चित्र संशयाचं असेल तर पुन्हा सुई. हल्ली २२ किंवा २५ गेजच्या, टोकाला खाचा असलेल्या एफएनबी, म्हणजे बायोप्सीच्या, सुया मिळतात, त्यांनी सुट्या पेशींऐवजी मांसाचा बारीक दोरा येतो. केंद्र निवडताना त्या सुया आहेत का विचारा, ते आडमुठेपणाचं नाही. सीए १९-९ ही या कॅन्सरची खूण शोधणारी रक्ततपासणी केली असेल तर कावीळ असताना तिचा वाढलेला आकडा धरून बसू नका. नळी तुंबली की तो कॅन्सरशिवायही वाढतो. आणि शंभरातल्या पाच-दहा जणांच्या शरीरात हे द्रव्य तयारच होत नाही, त्यांच्यात कॅन्सर असूनही आकडा शांत.

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते क्रमाबद्दल. आधी सीटी, मग ईयूएस, आणि स्टेंट लागलाच तर तो सगळ्यात शेवटी. आपल्याकडे हा क्रम उलटतो, कारण पिवळे डोळे आणि खाज हे घरच्यांना दिसतं, शिरेची रेघ दिसत नाही. मी शिकत होतो तेव्हा एका रुग्णाला, अजून नीट सीटी झालेला नसताना, मी आणि माझ्या वरिष्ठांनी ईआरसीपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून पित्ताच्या नळीत शिरण्याची प्रक्रिया, करून स्टेंट टाकला. खाज थांबली, सगळे खूश. तिसऱ्या दिवशी ईआरसीपीमुळेच स्वादुपिंडाला सूज आली. मग सीटी केला तर गाठ कुठली आणि सूज कुठली हे कुणालाच सांगता येईना. स्टेंटची सावलीही मध्ये. सूज ओसरायला पाच आठवडे लागले. ते पाच आठवडे त्या माणसाकडे नव्हते.

नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी २०१० साली एक चाचणी प्रसिद्ध केली. बिलिरुबिन साधारण साडेचौदापर्यंत असलेल्या, ऑपरेशन करण्याजोग्या रुग्णांत सरळ ऑपरेशन करणं आणि आधी स्टेंट टाकून काही आठवड्यांनी करणं यांची तुलना. गंभीर गुंतागुंत सरळ ऑपरेशनवाल्यांत ३९ टक्के, स्टेंटवाल्यांत ७४ टक्के. तेव्हा प्लास्टिकचे स्टेंट होते, ते लवकर तुंबतात, धातूचे त्या मानाने बरे, हेही सांगायला हवं. पण नुसता आकडा पिवळा आहे म्हणून स्टेंट, हे यात बसत नाही. थंडी वाजून ताप आला असेल, ऑपरेशनला बरेच आठवडे लागणार असतील, किंवा आधी केमो ठरली असेल तर स्टेंट हवाच, आणि तो ईयूएसच्या त्याच बैठकीत, सुई घेऊन झाल्यावर, टाकता येतो. एकच भूल, एकच दिवस.

यातला ताप मात्र वेगळा काढतो. कावीळ आणि थंडी-ताप एकत्र आले तर ईयूएसची तारीख, सीटीची सीडी, काका, सगळं बाजूला ठेवून त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात जा. तुंबलेल्या पित्तात जंतू वाढले की माणूस तासांत खचतो.

तुमचा सीटी कसा झालाय तेही बघा. साध्या पोटाच्या सीटीत एकदाच, जाड कापांनी फोटो घेतात. स्वादुपिंडासाठी वेगळी पद्धत असते: शिरेतून औषध सोडल्यावर साधारण ४० ते ५० सेकंदांनी एकदा आणि ६५ ते ७० सेकंदांनी पुन्हा, पातळ काप. पहिल्या वेळी गाठ उठून दिसते, दुसऱ्या वेळी शीर आणि यकृत. ही पद्धत वापरली नसेल तर ईयूएसच्या आधी सीटीच पुन्हा करायला मी सांगेन, आणि कदाचित शिरेचा प्रश्न तिथेच सुटेल. फिल्म आणि कागदी रिपोर्ट पुरत नाही. सीडी घेऊन जा, तीवर शिरेचा प्रत्येक काप असतो.

तयारीत फार काही नाही. घट्ट अन्न सहा ते आठ तास आधी बंद. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःहून बंद करू नका, आधी विचारा. कावीळवाल्यांचं रक्त गोठायला वेळ लागतो, म्हणून आयएनआर ही रक्त गोठण्याची तपासणी पाहून लागलं तर व्हिटॅमिन के देतात. भूल देतात, त्यामुळे आत काही कळत नाही. सुई घेतल्यावर शंभरातल्या एक-दोन जणांना स्वादुपिंडाची सूज किंवा रक्तस्राव होतो. बहुधा दोन-तीन दिवसांत निवळतो. पण म्हणूनच कोल्हापूरला केलीत तर त्याच संध्याकाळी गगनबावड्याचा किंवा फोंड्याचा घाट उतरून घरी परतू नका. एक रात्र तिथेच काढा. पोटात कळ, ताप किंवा काळी शौच झाली आणि तुम्ही घाटात अडकलात, तेही पावसाळ्यात, तर कुणाच्या हातात काही राहत नाही.

कुठे करायची, याला माझं उत्तर: ऑपरेशन जिथे करणार तिथेच. कोल्हापूर, गोव्यातलं बांबोळी की मुंबईतलं परळ, हे व्हिपल कुठे करायचं त्यावरून ठरवा, कारण हे ऑपरेशन जिथे वारंवार होतं तिथे माणसं कमी दगावतात. एकाच ठिकाणी असलं की सर्जन स्वतः मला विचारतो, 'रेघ दिसली का?' आणि तो कागदावर न उतरणारा अर्धा प्रश्न असतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारा, नंतर नाही.

शेवटी एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण तुमच्या लिहिण्यात 'बाबांना अजून सांगितलेलं नाही' असं आलंय. ईयूएसच्या आधी संमतीपत्रावर सही त्यांनाच करायची आहे, आणि सुई कशासाठी हे त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. कागद टेबलावर, चष्मा लावून, परक्या माणसासमोर वाचण्यापेक्षा त्यांनी ते घरी, तुमच्याकडून ऐकावं. 'गाठ आहे, कसली ते बघायचंय' एवढं आजच सांगता येईल. तेवढं खरंही आहे. आणि बहुतेक वेळा त्यांना आधीच कळलेलं असतं, तुम्ही घाबराल म्हणून तेच बोलत नसतात.